कान्हाची पकड

कोलकाता
४ जानेवारी २०२६

ताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, सगळं ठीक आहे. शिबिरात आमचे फोन काढून घेतलेत. खेळाडूंचं लक्ष विचलित होतं म्हणे. तेव्हा लीग संपेपर्यंत तुझ्या प्रसिद्ध भावाशी बोलायचं असेल, तर पोस्टमनची वाट बघत जा.

आमचं जोरात चाललंय. एक सामना सोडला तर सगळे जिंकलो. सात-सात जणांचं रग्बी, चौदा मिनिटांत खेळ आटोपतो, पण त्या चौदा मिनिटांत जीव निघतो. परवा फिजीचा एक धिप्पाड गडी चेंडू घेऊन एकटाच सुटला. आमचे सगळे मागे पडले, प्रेक्षक उभे राहिले. मी आडवा झेपावलो आणि त्याचा घोटा धरला. नानांनी शिकवलेली तीच कबड्डीतली पकड. समालोचक आता तिला 'कर्जतची पकड' म्हणतो, टीव्हीवर ऐकलं असशील. डोक्याला जरासा धक्का बसला, पण ते चालायचंच.

१५ फेब्रुवारीला अंतिम सामना. आपण त्यात असणार हे धरून चाल. जपानच्या एका क्लबचा माणूस खास मला बघायला येणार आहे. त्याच्या पसंतीला उतरलो, तर पुढचा मोसम जपानात.

आत्याला सांग, तिनं दिलेलं तेल संपत आलंय. इथल्या मालिशवाल्याकडे तसलं मिळत नाही. पुढच्या वेळी मोठी बाटली भरून दे म्हणावं. नानांना नमस्कार. ऋतिकाला तिच्या मामाकडून एक पापा, आणि दाजींना सांग, पोट कमी करा.

तुझा कान्हा


कुंभिवली, ता. खालापूर
११ जानेवारी

चि. कान्हा,

पत्र मिळालं. पोस्टमननं ते सासूबाईंच्या हातात दिलं आणि त्यांना वाटलं कोर्टाची नोटीस आली. मी साजगावहून कामावरून येईपर्यंत त्यांनी ते देवासमोर ठेवलं होतं.

आता फोनचं. तुमचे फोन काढून घेतले, तर तुझा तो केरळचा दोस्त रोज सकाळी नाश्त्याचे फोटो कुठून टाकतो? काल त्यानं तुझाही टाकला. भर दिवसा पडदे ओढलेले, खोलीत अंधार आणि तू काळा चष्मा लावून भिंतीकडे तोंड करून बसलेला. खाली 'आमचा हिरो' असं लिहिलंय आणि हजारो लोकांनी बदाम टाकलेत. मला मात्र ते चित्र बघवलं नाही. थापा मारायच्या तर नीट माराव्यात. लहानपणी तरी बऱ्या मारायचास.

पण ते जाऊ दे. तुझ्या पत्रातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचतेय. कान्हा, आत्या गेल्या वैशाखात गेली. तू कोलंबोहून विमानानं आलास. कर्जतला जीप मिळाली नाही, म्हणून कुणाच्या तरी टेंपोत मागे उभा राहून गाव गाठलंस. तू तिला खांदा दिलास. नानांच्या खांद्यावरून मडकं घसरत होतं, तेव्हा ते तू खालून धरलं होतंस. तिच्या फळीवरची तेलाची शेवटची बाटली तूच उचललीस आणि मला तिला हातही लावू दिला नाहीस. आई गेल्यावर आपल्या दोघांना त्या बाईनं वाढवलं, आणि तू लिहितोस की तिला सांग, मोठी बाटली दे.

थट्टा केली असशील तर ही फार वाईट थट्टा आहे. थट्टा नसेल तर जे असेल ते मला खरं लिही.

माहेरी कशेळे नाक्यावर तुझा मोठा फलक लागलाय. तुझ्यापेक्षा शुभेच्छा देणाऱ्यांचेच चेहरे मोठे आहेत. नाना लेकावर खूश आहेत. भात निघाल्यावर त्यांनी खालच्या खाचरात मैदान चोपून घेतलं आणि रोज संध्याकाळी पोरापोरींना तुझी पकड शिकवतात. मुरबाडच्या बाजूनंसुद्धा पोरं येतात. आमची ऋतिकाही दर रविवारी हट्टानं जाते. नाना म्हणतात, "पोरीच्या अंगात कान्हा हाय." मी त्यांना तुझ्या पत्रातलं तेलाचं काही सांगितलेलं नाही.

तुझी ताई


कोलकाता
१८ जानेवारी

ताई,

तुला आधी एक पत्र लिहिलं होतं, की झोप झाली नव्हती, घाईत लिहिलं, आत्याचं मला अर्थातच ठाऊक आहे. ते फाडून टाकलं. तुझ्याशी एकदा खोटं बोलून झालं आणि ते जमलं नाही.

तुझं पत्र उघडेपर्यंत आत्या माझ्यासाठी ओटीवर बसून तांदूळ निवडत होती. ती ओळ वाचली आणि सगळं आठवलं, टेंपो, मडकं, सगळं. म्हणजे ती माझ्यासाठी दुसऱ्यांदा गेली. मी बाथरूमचं दार लावून रडलो. रडल्यावर डोकं इतकं ठणकलं की रडणंही थांबवावं लागलं.

दिवाळीपासून डोक्याला तीनदा जोराचं लागलंय. फोनच्या पडद्याकडे बघितलं की डोळ्यांमागे सुया टोचतात, म्हणून पत्रं. दिवे सोसत नाहीत. कधी कधी सराव संपला की आता सराव झाला की व्हायचा आहे, ते कळत नाही.

संघाचा डॉक्टर भला माणूस आहे. त्याला मीच फसवलंय. मोसमाच्या सुरुवातीला आमची एक परीक्षा होते. दहा शब्द ऐकून परत सांगायचे, महिने उलटे म्हणायचे, एका पायावर उभं राहायचं. पुढे सामन्यात डोक्याला लागलं की तीच परीक्षा पुन्हा घेतात आणि आधीच्या गुणांशी ताडून बघतात. जुन्या खेळाडूंनी मला शिकवून ठेवलं होतं, की पहिल्या वेळी मुद्दाम चुकायचं. मी मुद्दाम ढ झालो. आता खरंच चुकतो, त्यामुळे गुण बरोब्बर जुळतात.

मला सोडायला सांगू नकोस. मला दुसरं येतं काय? कर्जतच्या कॉलेजात कबड्डीच्या संघातून मला काढलं, तेव्हा एका सरांनी तो लांबोडका चेंडू माझ्या हातात दिला. चेंडू पुढे टाकायचा नाही, मागेच द्यायचा, एवढाच नियम मला पहिल्या दिवशी कळला होता. तिथून मुंबईचा क्लब, मग देशाची जर्सी, मग श्रीलंकेत पगारी खेळाडू, आणि आता ही लीग. रग्बी म्हणजे काय हे ज्या गावाला ठाऊक नव्हतं, त्या गावातली पोरं आज माझ्या नावाचे शर्ट घालतात. एक महिना, ताई. अंतिम सामना आणि जपानचा करार. मग मी डॉक्टरला सगळं सांगेन.

नानांना यातलं एक अक्षर कळता कामा नये. त्यांना कळलं तर काय होईल ते तुला माहीत आहे. आठवतं, कशेळ्याच्या स्पर्धेत नेमलेले पंच आले नव्हते आणि दोन्ही संघांनी मिळून नानांनाच उभं केलं? शेवटची चढाई, दोघांचे गुण सारखे, आणि मी त्यांच्या चढाईवाल्याचा घोटा धरला. गाव नाचायला लागलं. नानांनी शिट्टी मारली आणि माझ्याकडे हात केला, 'बाद'. पकडीआधी माझी टाच रेषेबाहेर गेली होती. ते मला ठाऊक होतं आणि त्यांना ठाऊक होतं, तिसऱ्या कुणालाही नाही. मी मातीला हात लावला आणि मागे न बघता बाहेर गेलो, त्यांच्याच शिस्तीप्रमाणे. पहिल्या रांगेत तू इतकी खवळली होतीस की पायातली चप्पल काढून बापाच्या अंगावर निघाली होतीस. आपण हरलो, आणि गाव कितीतरी दिवस नानांशी बोललं नाही.

तर नानांना नाही. तुला माझी शपथ.

कान्हा


कुंभिवली
२७ जानेवारी

कान्हा,

शपथ घालायची मुभा लहान भावाला कुणी दिली?

मी सुट्टी टाकून पनवेलला गेले. मेंदूच्या डॉक्टरीण बाईंना तुझं पत्र वाचून दाखवलं, मोबाईलवर तुझ्या पकडी दाखवल्या. त्यांनी एकेक पकड थांबवून बघितली. मी वाट बघत होते की त्या गोळ्या लिहून देतील. त्या म्हणाल्या, याला आजच्या आज थांबवा. आधीचा मार भरून आलेला नसताना पुन्हा लागलं, तर मैदानावरच जीव जाऊ शकतो. जीव वाचला तरी माणूस वाचेलच असं सांगता येत नाही. मी विचारलं, एकच महिना खेळला तर? त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती मी विसरणार नाही.

मग त्यांनी मला एक गोष्ट दाखवली, जी मी इतकी वर्षं टाळ्या वाजवताना बघितलीच नव्हती. तुझे सोबती पळणाऱ्याला धरतात तेव्हा त्यांचं डोकं त्याच्या पाठीमागे, बाजूला असतं. तुझं डोकं त्याच्या पायांच्या पुढे असतं, दर वेळी. त्याचा गुडघा येतो आणि तुझ्या कानशिलावर बसतो. बाई म्हणाल्या, हा असा का झेपावतो, याला कुणी शिकवलं नाही का?

मी काय सांगणार? घरी येताना जीपमध्ये माझ्या डोळ्यांसमोर आपल्या दारातला आंबा होता. फांदीला टांगलेलं भाताच्या तुसाचं पोतं, ते झुलत यायचं आणि नाना ओरडायचे, "आधी डोकं घाल रं, हात मागनं येत्यात." कबड्डीत ते बरोबरच आहे. चढाईवाला मध्यरेषेकडे पळतो, त्याच्या वाटेत डोकं आणि खांदा घातला की तो अडला. तो दोन पावलांवर असतो, माती मऊ असते. तुमच्याकडे शंभर किलोचा माणूस अर्धं मैदान पळत आलेला असतो.

रविवारी मी माहेरी गेले. पोतं अजून तिथंच आहे, नवं शिवलंय. पोरं रांगेनं झेपावत होती. ऋतिकाचा नंबर आला. तिनं आधी डोकं घातलं, अगदी तुझ्यासारखं, आणि पोतं तिच्या कानशिलावर धपकन आपटलं. नानांनी टाळी वाजवली. पोरगी उठून माझ्याकडे बघून हसली. मी ओटीवर जाऊन बसले.

तुझ्या संघाच्या व्यवस्थापकाला फोन केला. तो म्हणाला, ताई, काळजी करू नका, त्यानं सगळ्या चाचण्या पास केल्यात. मी म्हटलं, त्यानं फसवून पास केल्यात. तो हसला. त्याला वाटलं घरची माणसं अशीच घाबरतात. दुसऱ्यांदा त्यानं फोन उचलला नाही.

बाबा रे, मी तुझ्या पाया पडते. मोठी बहीण असून पडते. गुडघा मोडला असता, हात तुटला असता, तर मी दोन शिव्या घालून तुला खेळू दिलं असतं. जपान राहू दे. कर्जतची पकड राहू दे. उद्या सकाळी उठून त्या डॉक्टरला खरं सांग. तू सांगितलं नाहीस, तर मी नानांना सांगेन.

ताई


कोलकाता
३ जानेवारी

ताई

पनवेलच्या बाईला काय कळतं. तिनं कधी मैदानावर पाय ठेवलाय का. मी ठीक आहे. काल सराव चांगला झाला. उपान्त्य सामना रविवारी आहे, तो झाला की एकच उरतो.

डोकं मागे ठेव असं इथले प्रशिक्षक मला पहिल्या दिवसापासून सांगतात. मला ते येतंसुद्धा. सरावात दहा वेळा ठेवून दाखवतो. पण सामन्यात समोरून माणूस सुटला की मला आपल्या अंगणातलं पोतं दिसतं आणि डोकं आपोआप पुढे जातं. आणि खरं सांगू, तसं गेलं तरच तो माणूस पडतो. डोकं मागे ठेवलं तर मी इतरांसारखा एक. इतरांसारख्या एकाला जपान कशाला बोलावेल.

नानांना सांगितलंस तर मी तुझा भाऊ नाही. राखी पाठवू नकोस. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण लिहितो.

नानांची तुला एक गोष्ट सांगतो. तू तेव्हा तिथे नव्हतीस, म्हणून तुला माहीत नसेल. कशेळ्याला एकदा स्पर्धा होती, पंच आले नाहीत म्हणून नानांना उभं केलं. शेवटची चढाई होती. मी घोटा धरला, सगळे नाचायला लागले, आणि नानांनी मलाच बाद दिलं. माझी टाच रेषेबाहेर होती. फक्त मला आणि त्यांना ठाऊक. मी मातीला हात लावून बाहेर आलो. कुणाला सांगितलं नव्हतं आजपर्यंत. तुलाच सांगतोय.

असे आहेत ते. म्हणून त्यांना नाही सांगायचं.

पत्ता लिहिताना तुझ्या गावाचं नाव आठवेना. केरळवाल्याच्या फोनवर नकाशा उघडून घेतला आणि खोपोलीच्या आसपास बोट फिरवत शोधलं.

कान्हा


कुंभिवली
९ फेब्रुवारी

कान्हा,

तुझ्या पत्रावर ३ जानेवारी लिहिलंय. पोस्टाचा शिक्का फेब्रुवारीचा आहे. कशेळ्याची गोष्ट तू मला मागच्याच पत्रात लिहिली होतीस, आणि मी तिथे होते. चप्पल घेऊन बापाच्या अंगावर गेले होते, हेही तूच लिहिलं होतंस.

काल रविवारी तुझा उपान्त्य सामना गावात सगळ्यांनी मिळून बघितला. गजानं देवळासमोर मोठा पडदा लावला होता, चिमावहिनीनं सगळ्यांसाठी कांदाभजी केली होती. नाना पुढे खुर्चीवर, ऋतिका त्यांच्या पायाशी तुझ्या नावाचा शर्ट घालून. उत्तरार्धात तू त्या उंच माणसाचा घोटा धरलास. पडद्यावर तुझं डोकं मागे झटकलं गेलेलं मला दिसलं. गावानं एकच गलका केला. तू उठलास, हात झाडलेस, आणि चालत जाऊन समोरच्या संघाच्या रांगेत उभा राहिलास. त्यांच्यातल्या एकानं तुला खांद्याला धरून वळवलं. तू त्याचे आभार मानलेस.

गाव पोट धरून हसलं. गजा म्हणाला, "कान्हा मस्करी करतोय त्यांची." सगळे हसत होते, कान्हा, फक्त नाना हसत नव्हते. त्यांनी मान वळवून मला शोधलं आणि विचारलं, "काय झालंय त्याला? तुला ठावं हाय." सामना तुम्ही जिंकलात. फटाके वाजले. आम्ही दोघं घरी गेलो.

मी तुझी शपथ मोडली. चारही पत्रं, तुझी आणि माझी... नाही, माझी तुझ्याकडेच आहेत, तुझी तिन्ही पत्रं मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. बघ, माझंही डोकं ठिकाणावर नाही. तेलाची ओळ वाचली तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं, आणि मग म्हणाले, "पुढं वाच." पनवेलच्या बाईंनी दाखवलं ते मी मोबाईलवर दाखवलं, डोकं कुठे असतं ते. त्यांनी ते एकदाच बघितलं. त्यांना दुसऱ्यांदा बघायची गरज नसते, पंच आहेत ते.

मला वाटलं होतं ओरडतील, नाहीतर रडतील. त्यांनी विचारलं, "पोरगी कुठं हाय?" ऋतिकाला जवळ बोलावलं, तिच्या कानशिलावरनं दोन्हीकडून बोटं फिरवली, दाबून बघितलं, दुखतंय का विचारलं. ती म्हणाली, नाही आजोबा. मग त्यांनी कोयता घेतला, अंगणात गेले आणि पोत्याचा दोर कापला. पोतं पडून फुटलं. तूस सगळ्या अंगणात पसरला आणि ते त्यात तसेच उभे राहिले.

मी म्हटलं, मी आजच कोलकात्याला निघते. ते म्हणाले, "तू गेलीस तर तो वाद घालंल. तू बहीण हायस, तुझ्याशी वाद घालता येतो." आणि मला कागद मागितला. त्यांना चार ओळी लिहायला किती वेळ लागला ते सांगत नाही. पोस्टावर आता माझा विश्वास नाही. हे पत्र आणि नानांची चिठ्ठी घेऊन तुझे दाजी आजच्या गाडीनं निघतायत. माझ्याशी तुझं नातं तुटलं असेल तर तुटू दे. चिठ्ठी मात्र वाच.

ताई


(सोबतची चिठ्ठी)

चि. कान्हा,

मला लिहायची सवय नाही. थोडक्यात लिहितो.

सामना पाहिला. तू समोरच्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिलास. तुमच्या पंचाला ते दिसलं नाही, डॉक्टरला दिसलं नाही. मला दिसलं. कशेळ्याला तुझी टाच मला दिसली होती, तसंच. पंचाला दिसलं की बोलावं लागतं, पोरगा कुणाचाही असो.

तू बाद आहेस.

मातीला हात लाव आणि बाहेर ये. मागे बघू नको. तुझ्या जागी दुसरा गडी उतरेल. त्यानं संघ हरला तर हरू दे. आपण आधीही हरलो आहोत.

पोतं काढून टाकलं आहे. पोरं रोज येतात, त्यांना आता नुसतं पळवीन. पकड शिकवणं बंद केलं. डोकं मागे कसं ठेवायचं ते मला येत नाही. तुला येतं असं तू लिहिलं आहेस. ते पोरांना शिकव आणि मला शिकव. मी त्यांच्या रांगेत बसेन.

आत्या गेली ते तुला आठवत नाही. मला आठवतं. मी सांगत जाईन.

नाना


कोलकाता
१७ फेब्रुवारी

ताई,

दाजी बुधवारी दुपारी आले. धुळीनं माखलेले, हातात पाकीट, दुसऱ्या हातात तू दिलेली तांदळाच्या भाकरीची पुरचुंडी, जी वास मारायला लागली होती. मी आधी त्यांना ओळखलं नाही. हे तू त्यांना विचारू नकोस, ते सांगणार नाहीत.

तुझं पत्र वाचून मी संतापलो. फाडायला निघालो होतो. मग चिठ्ठी उघडली. तिसऱ्या परिच्छेदात एकच ओळ होती. ताई, तुझ्याशी मी भांडलो असतो, डॉक्टरशी भांडलो असतो, जपानच्या माणसासमोर हात जोडले असते. त्या ओळीला काय उत्तर द्यायचं? मला लहानपणापासून एकच उत्तर शिकवलंय.

मी सरावाच्या मैदानावर गेलो. सगळे पळत होते. इथे माती नाही, हिरवळ आहे, खाली वाकून हिरवळीला हात लावला. प्रशिक्षकांना म्हटलं, मी बाद आहे. त्यांना कळलं नाही. मग डॉक्टरला बोलावून सगळं सांगितलं, ती पहिली परीक्षासुद्धा. तो चिडला नाही. तो खुर्चीवर बसला आणि त्यानं तोंडावरून हात फिरवला. माझ्या मागे सराव चालूच होता, कुणीतरी माझ्या जागेवर उभंही राहिलं असेल. मी बघितलं नाही.

अंतिम सामना आपण हरलो. मी बाहेर खुर्चीवर होतो, काळा चष्मा लावून. शेवटच्या मिनिटाला त्यांचा एक माणूस सुटला, अगदी तसाच, एकटा, आणि माझ्या जागी उतरलेला मुलगा त्याच्या मागे पळाला. त्यानं डोकं मागे ठेवलं आणि तो माणूस निसटला. स्टेडियममध्ये लोक माझं नाव घेऊन ओरडत होते. मला उठावंसं वाटलं. दाजींनी माझ्या दंडाला धरून ठेवलं होतं आणि सामना संपल्यावरही त्यांनी हात सोडला नाही. तो हरलेला मुलगा माझ्याजवळ येऊन रडला. मी त्याला म्हटलं, तू बरोबर केलंस. ते म्हणताना मला काय झालं ते तुला लिहिता येत नाही.

जपानचा माणूस भेटायला आला नाही.

इथल्या मोठ्या इस्पितळात डोक्याचे फोटो काढले. डॉक्टर म्हणतात, खेळ संपला. बाकीचं किती परत येईल, ते त्यांनाही ठाऊक नाही. काही येईल, काही नाही, काही कदाचित अजून जाईल. आणखी चार दिवस ठेवून घेणार आहेत. दाजींना कामावर हजर व्हायचं आहे, म्हणून हे पत्र त्यांच्या हाती देतोय. केरळवाला मला कर्जतपर्यंत आणून सोडेल, तिथून न्यायला तू स्टेशनवर ये. कशेळ्याची जीप कुठून सुटते, ते मला आता नक्की सांगता येत नाही, आणि माझ्या नावाच्या फलकाखाली उभं राहून कुणाला घराचा रस्ता विचारायची मला लाज वाटेल.

मी फार घाबरलोय, ताई. सकाळी उठतो तेव्हा आत्या गेली हे ठाऊक असतं. संध्याकाळी कधी कधी तिच्यासाठी रिकामी बाटली बॅगेत घालतो, भरून आणायला. काल दोनदा घातली.

राखीचं मी काही वेडंवाकडं लिहिलं होतं, असं दाजी म्हणाले. मला आठवत नाही. तू पाठव.

आणि नानांना सांग, डोकं मागे कसं ठेवायचं ते अजून येतं मला. आज खोलीत उशी टांगून करून बघितलं, बरोबर जमलं. ऋतिकाला रांगेत पहिली उभी कर. मी विसरायच्या आत येतोय.

कान्हा